एक संभाषण सुरू आहे

त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि आईनं आधी कपाळाला हात लावला. "हाक मारली तरी ऐकू येते मागच्या खोलीतून," ती धाकट्या लेकीला म्हणाली, "पण साहेबांना फोनच करायचा असतो."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी घरातच एक्स्चेंज थाटलं होतं. जिन्याखालच्या कपाटात छोटा सर्व्हर, आणि खोलीखोलीत एकेक जुना फोन. आई त्या सर्व्हरला डबडं म्हणायची.

"चष्मा? कपाळावर चाचपून बघा आधी," आई फोनवर म्हणाली. मग रिसिव्हर लांब धरला, म्हणजे पलीकडचं हसू धाकटीलाही ऐकू यावं.

दुपारी बाबा डाग द्यायची सोल्डरची तार आणायला कोपऱ्यावर गेले आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळले.

रजेवर आलेली धाकटी मग राहिलीच. पाहुणे, बँक, कागदपत्रं, सगळं तिनं निभावलं. एक शब्द मात्र तिच्या तोंडून निघेना. कुणाचा फोन आला की ती म्हणायची, "बाबांचं कळलंच असेल," आणि पुढचं समोरचा समजून घ्यायचा. आईपाशी तर तेवढंही नाही. आई खोलीबाहेर यायची ती गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी, दोन घास खाऊन लगेच आत.

आज घराची वायरिंग बदलायची होती. वायरमन जेवून येतो म्हणाला होता. त्याआधी सर्व्हर बंद करायला हवा म्हणून ती कपाटापुढं बसली. बटण दाबलं, तर पडद्यावर बाबांनीच मराठीत लिहून ठेवलेली ओळ आली: 'एक संभाषण सुरू आहे. ते संपल्यावर बंद होईन.'

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सर्व्हरचा पंखा घुरघुरत होता. तिनं भावाला मोबाइल लावला.

"दादा, हे बंद होत नाहीये."

"वायर उपट आणि मोकळी हो."

"असं नाही करायचं. आतलं सगळं बिघडतं."

"बिघडू दे की! आता कोण वापरणारे ते?"

तिनं फोन बंद केला. चालू संभाषण कुठलं ते पडद्यावर शोधलं. मागची खोली ते आईची खोली. सुरुवात, त्या दुपारची.

ती आईच्या खोलीत गेली. आई कुशीवर पडली होती. रिसिव्हर उशीला टेकवलेला.

"आई, तो जागेवर ठेव ना. वायरमन येतोय."

"नको. ठेवू नकोस म्हणालेत."

"कोण?"

"कोण काय, कोण! तिकडचा फोन दुरुस्त करत होते. 'तार संपली, ठेवू नकोस, आलोच,' म्हणाले. खरखर गेली का ते मला सांगायचंय त्यांना."

धाकटीनं पांघरूण उगाच सारखं केलं. मग तिला वाटलं, दुसऱ्या टोकाचा रिसिव्हर जागेवर ठेवला तरी चालेल की. बोलायलाच नको. ती जवळजवळ पळतच मागच्या खोलीत गेली.

टेबलावर पोटातल्या तारा बाहेर काढलेला फोन, शेजारी रिसिव्हर आडवा. ती उचलताना तो टेबलाला घासला गेला.

"आलात?" आतून आईचा आवाज आला. घाईचा, झोपेतून दचकल्यासारखा.

फाटकाशी बेल वाजली. वायरमनच असणार. हात फक्त खाली न्यायचा होता. लगेच पंखा थांबला असता, आणि आईला वाटलं असतं, लाइन आपोआप गेली.

तिनं रिसिव्हर कानाला लावला.

"आई, मी आहे."

पलीकडे नुसती खरखर.

"आई, ते नाही यायचे आता." तिला श्वास घ्यावा लागला. "बाबा गेले, आई. आपले बाबा गेले."