चकतीच्या पोटची गुठळी

मी चकती बोलतेय. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ गरगरत राहते ना, ती. फक्त माझं आकाश म्हणजे तोरुन विद्यापीठातला एक संगणक. मला सेवेरिन सरांनी घडवलं.

माझ्या अंगात दोन खोडी आहेत. मी जड आहे, म्हणून माझंच वजन मला जागोजागी गोळा करू बघतं. आणि मी चिकट आहे. आतली कडी वेगाने फिरतात, बाहेरची रमतगमत, आणि ती एकमेकांना घासतात. त्याने मी तापते, आणि आतला वायू थोडाथोडा ताऱ्यात पडतो. तापलेला वायू फुगतो, वजनाला दाद देत नाही. गार पडले की मात्र वजन जिंकतं.

आता खऱ्या चकत्या किती चिकट असतात, हे कोणालाच नक्की माहीत नाही. म्हणून जो तो आपल्या सोयीचा आकडा घालतो. दुसऱ्याने घातला की सर म्हणायचे, "बसलाय मनाचे मांडे खात." स्वतःचा मात्र आपला तो बाब्या.

मोठे ग्रह चकतीच्या स्वतःच्या वजनाने जन्मतात, हे सिद्ध करण्यात सरांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या भाषणात त्यांना ते दाखवायचं होतं. त्यांनी माझा चिकटपणा अगदी कमी केला. मी गारठले, अंगावर नागमोडी पट्टे उठले, आणि एका पट्ट्यात गुठळी धरली, होऊ घातलेला ग्रहच. सर तिला 'पोरगी' म्हणायचे. चहा गार होईपर्यंत बघत बसायचे. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

भाषणाच्या आठवड्यात बोग्ना आली. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता शेजारच्या खोलीत बसते. आल्याचा केक सरांपुढे ठेवत म्हणाली, "सर, चिकटपणाचा हा आकडा कुठून आणलात?"

"हाताला लागला."

"बरा नेमका लागतो तुमच्या हाताला. मी दुसरे घालून बघितले. पोरगी फक्त ह्याच आकड्याला होते."

"मग?"

"मग काही नाही. मी असं केलं असतं, तर तुम्ही मला दारातून हाकललं असतं."

सरांनी केक बाजूला सारला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"घाल तुझा आकडा," शेवटी म्हणाले.

"भाषण परवा आहे, सर. नंतर बघू."

"घाल म्हणतो ना."

तिने मला पहिल्यापासून फिरवलं. कडी घासली, मी तापले. पट्टे उठले आणि विरले, पुन्हा उठले. मी वाट बघत होते, सरही बघत होते. पोरगी आली नाही.

भाषणात सरांनी मला तशीच दाखवली, नुसत्या पट्ट्यांची. म्हणाले, "ग्रह असे होत असतीलही. पण हिच्याकडून मी ते वदवून घेतलं होतं." पहिल्या रांगेत बोग्ना रडत होती.

आता सर येत नाहीत. बोग्ना मला चालवते. आकाशातल्या खऱ्या चकत्या बघून आकडा ठरवू, म्हणते. तसंच कर, बाई. मला पोरगी हवी आहे, अजूनही हवी आहे. पण झाली तर माझ्या वजनाने होऊ दे, कोणाच्या हौसेने नको.