धाकटी हयात आहे

“या वाक्याला संदर्भ नाही. विचारपूस केल्याशिवाय कुणाला गेलेलं म्हणू नये.” असा इशारा माझ्या अंगावर चिकटवला गेला, तेव्हा मला लिहिणारी बाई हसली होती. मांडीवरच्या बाळाला थोपटत ती म्हणाली, “असेल हो खरं. जिवंत माणसाला उगाच कोण कशाला मारेल?” आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळली.

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे. शाई आणि कागद मला कधी लाभले नाहीत. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा आणि कुणीही उघडून वाचायचा असा एक ज्ञानकोश असतो, त्याच्या असंख्य पानांतलं मी एक पान. माझा विषय आहे ‘खिडकीशी दोघी’ नावाची गाण्यांची कॅसेट. शेजारशेजारच्या घरांत राहणाऱ्या दोन मैत्रिणींनी ती गायली. थोरली दवाखान्यात परिचारिका होती, धाकटी कपडे शिवायची. वेष्टणावरही त्यांनी एवढंच छापलं होतं: थोरली आणि धाकटी. कॅसेट फार खपली नाही. पण ज्यांच्या घरी होती, त्यांच्या घरी ती फीत झिजेपर्यंत वाजली.

मला लिहिणारीच्या माहेरीही ती होती. बाळ झाल्यावर तिची नोकरी सुटली, झोप उडाली आणि बोलायला कुणी उरलं नाही. मग दुपारी बाळाचा डोळा लागला की ती मला लिहायला बसे. ज्ञानकोशात प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. हिने घेतलं ‘जागी’. दर दोन ओळींनंतर ती उठायची, बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि परत बसायची. बाळाचे बाबा म्हणायचे, “अगं, त्याला झोपू दे की! तू तपासून तपासून उठवशील त्याला.”

मला तिने कष्टाने वाढवलं, हे मी नाकारणार नाही. आमच्या जगात ऐकीव गोष्टीला किंमत नसते. प्रत्येक वाक्यामागे कुठेतरी छापून आलेला आधार लागतो. त्यासाठी ती बाळाला झोळीत बांधून वाचनालयात जायची. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, “ताई, इथे शांतता पाळावी लागते.” ती म्हणाली, “मी पाळते हो. याचं मी कसं सांगू?” बंद पडलेल्या एका मासिकाच्या धुळकट गठ्ठ्यात तिला कॅसेटचं परीक्षण सापडलं, तेव्हा ती इतक्या मोठ्याने “मिळालं!” म्हणाली, की बाळाआधी तिलाच बाहेर जावं लागलं.

एक मोह मात्र तिला आवरला नाही. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक लांब, बारीक सूर येतो. ती लहानपणापासून त्यावर जीव टाकायची. तिने लिहून टाकलं: ‘तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस येणारी बासरी मन हेलावून टाकते.’ आधार काहीच नव्हता. कान होते, तेवढेच.

अशातच एक वाटसरू आला. आमच्याकडे असे पुष्कळ येतात. चप्पलही न काढता घरात शिरतात, भिंतीवर काहीतरी खरडतात आणि निघून जातात. थोरली काही वर्षांपूर्वी वारली होती, त्याचा आधारही माझ्यापाशी होता. या गृहस्थाने त्या वाक्याला शेपूट जोडलं: ‘दोन्ही गायिका आज हयात नाहीत.’ झालं. एका ओळीत माणूस संपलं.

तो इशारा चिकटवणारा होता आमचा जुना तपासनीस. त्याचं टोपणनाव ‘कासव’. नावाप्रमाणेच सावकाश. प्रत्येक लेखामागे लिहिणाऱ्यांच्या बोलण्यासाठी चर्चेचं एक पान असतं, तिथे लिहायचा, “जिना चढून आत्ताच आलोय. दम खातो, मग तुमचा लेख खातो.” त्याने जागीला दोनदा विचारलं, “जागीताई, धाकटी गेल्याचं कुठे छापून आलंय?” तिने उत्तर दिलं, “दादा, शोधते.” आणि शोधलं नाही. बाळाला ताप होता, दात येत होते. घर म्हटलं की काय नसतं?

मग कॅसेटचा वाढदिवस उजाडला आणि एका वर्तमानपत्रात तिच्यावर मोठा लेख आला. त्यात होतं, ‘आज या दोघीही आपल्यात नाहीत.’ जागीने सुटकेचा श्वास सोडला. वर्तमानपत्राचा आधार माझ्या पायाशी जोडला आणि इशारा सोलून काढला. कासवाने कुरकुर केली: “छापून आलंय म्हणजे मला मानावं लागेल. पटलेलं मात्र नाही.” कासवाने माझं परीक्षण पूर्ण केलं. माझ्या कपाळावर उत्तम लेखाचा सोनेरी तारा लागला. बाळाच्या बाबांनी पेढे आणायचे का विचारलं, तर ती म्हणाली, “चेष्टा करू नका. नोकरी सुटल्यापासून हे पहिलं काहीतरी मी पूर्ण केलंय.”

मी तो तारा मिरवला. आणि पोटात एक मेलेलं वाक्य घेऊन फिरलो. ते मला टोचत होतं. पण आम्हा लेखांना हात नसतात.

एका सकाळी ते वाक्य कुणीतरी पुसलं. मला हलकं वाटेपर्यंत, खोडसाळ बदल आपोआप उलटवणाऱ्या राखणीच्या यंत्राने ते परत आणून ठेवलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा खुद्द जागीने परत आणलं आणि खाली लिहिलं, “कृपया संदर्भ द्या.”

चर्चेच्या पानावर उत्तर आलं. अक्षरं एकेक शोधून टाइप केल्यासारखी होती.

“मी धाकटी. माझा संदर्भ मीच. थोरली गेली ते खरं आहे. तिला सोबत हवी म्हणून मागोमाग मलाही ढकललंत काय? पाचनंतर घरी असते. येऊन बघा.” आणि खाली पत्ता, फोन नंबर, सगळं उघड्यावर.

कासवाने आधी तो पत्ता झाकला. मग जागीला लिहिलं, “मी उतरवून घेतलाय, तुम्हाला खासगीत पाठवतो. जाऊन या ताई. माझे गुडघे चालत असते तर मीच गेलो असतो.”

ती दोन दिवस गेली नाही. “कुणी फसवणारं असलं म्हणजे? बाळाला घेऊन अनोळखी घरी जायचं?” असं म्हणत खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. तिसऱ्या दिवशी बाळाच्या नाकाशी बोट धरलेलं असताना ती एकदम थांबली. बोट तसंच, नजर माझ्यावर. मग तिने झोळी बांधली.

मी तिच्या फोनवर उघडाच होतो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, ताठ बाईने. गळ्यात शिवणाची टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून ती म्हणाली, “तूच का ती, मला संदर्भ मागणारी?”

“हो मावशी.”

“मग बघ नीट. मागूनही बघ. झालं समाधान? ये आत, बाळाला उन्हातून काढ.”

खोलीत शिलाई मशीन, कापडाचे तुकडे आणि खिडकीशी एक स्टूल. जागीला रडू फुटलं. धाकटी म्हणाली, “हे बघ पोरी, मला रडणारी माणसं नकोत, वाक्य काढणारी हवीत. गाणी पुन्हा निघताहेत, ठाऊक आहे? पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. थोरलीचा आवाज फितीवरून वाजणार आणि माझ्या जागी कुणी नवी मुलगी गाणार. मी कार्यक्रमवाल्यांच्या ऑफिसात गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो कसा, ‘आजी, त्या बाई वारल्या. हे बघा, तारा मिळालेला लेख आहे.’”

मित्रांनो, त्या क्षणी माझा तारा मला डागणीसारखा झोंबला.

“गळा अजून आहे माझा,” धाकटी म्हणाली. “थोरलीच्या आवाजाशेजारी शेवटचं एकदा मला गायचंय. दुसरीने गायलं तर ती गाणं म्हणेल. मी थोरलीशी बोलेन.”

जागीने डोळे पुसले आणि विषय बदलायला म्हणाली, “तिसऱ्या गाण्यातली ती बासरी मला फार आवडते, मावशी.”

“कसली बासरी?”

जागीने वाचून दाखवलं. आधी मी, मग वर्तमानपत्र: ‘तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस येणारी हृदयस्पर्शी बासरी.’

धाकटी इतकी हसली, की बाळ दचकून तिच्याकडे बघायला लागलं. “अगं, ती किटली! आम्ही माझ्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग केलं होतं, रस्त्याचा आवाज तिथे कमी यायचा म्हणून. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बंद करायला विसरले. थोरलीने डोळे वटारले, पण गाणं तोडलं नाही. बासरीवाला कुठून आणलात? आणि त्यालाही मारलात की ठेवलाय जिवंत?”

जागी मात्र हसत नव्हती. ती ताठ बसली होती. “मावशी, बासरी माझी आहे. म्हणजे मीच मनाने घातलेली. दुसरीकडे कुठेच ती नाही. वर्तमानपत्रात आली, याचा अर्थ त्यांनी सगळं माझ्याच लेखातून उचललं. आणि मी त्यांनाच साक्षीला उभं केलं!”

“म्हणजे चोराची साक्ष चोराने काढली,” धाकटी म्हणाली. “हात चालव मग.”

तिथेच, कापडाच्या तुकड्यांत बसून जागीने चर्चेच्या पानावर सगळं मांडलं: बासरी आपली, वाक्य वाटसरूचं, वर्तमानपत्र आपल्यावर उभं आणि आपण वर्तमानपत्रावर. लगेच कल्ला झाला. एक म्हणाला, “तरी छापील आधार तो आधार.” दुसरा म्हणाला, “एखादी बाई स्वतः सांगते, हा काही पुरावा नव्हे.” तिसऱ्याने फर्मावलं, “हयातीचा दाखला आणा.”

मग कासव आलं. दम खाऊन आलं असावं, कारण एका दमात लिहिलं होतं.

“दाखला मेल्याचा मागायचा असतो, जगण्याचा नाही. वाक्य मी काढलंय. कुणी परत आणून दाखवावं. परीक्षण मी केलं होतं, चूक माझीही आहे. जागीताई, नियमाप्रमाणे तारा उतरवावा लागेल. चालेल?”

जागीचं बोट क्षणभर हवेत राहिलं. धाकटीने विचारलं, “काय झालं?”

“तारा जाणार म्हणतात.”

“खपेल तुला?”

जागीने लिहिलं, “उतरवा.”

आणि मी? मी तर म्हणतो, उतरवा, ओरबाडा, हवा तर माझ्या कपाळावर काळं फासा! कुणाच्या जिवंत गळ्यावर पाय देऊन उभा राहिलेला उत्तम लेख होण्यापेक्षा, खरं बोलणारं साधं पान म्हणून मी कोपऱ्यात पडून राहीन. माझी लाज मला वाटते, पण ताऱ्याची नाही. ज्यांनी न विचारता माझ्यातून उचललं आणि तीच उसनी ओळ माझ्यासमोर पुरावा म्हणून नाचवली, त्यांनी आधी आपली मान खाली घालावी.

वर्तमानपत्राने आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची दिलगिरी छापली. ती कापून, मला हातात घेऊन दोघी, म्हणजे तिघं, त्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या मुलाने वाचलं, धाकटीकडे बघितलं, पुन्हा वाचलं. “आजी... तुम्ही?” धाकटी म्हणाली, “मीच. तुझ्या साहेबांना सांग, मी वरून परत आलेय. मंचावरचं मधलं स्टूल मला हवं.”

स्टूल मिळालं. त्या नव्या मुलीला तिने बाजूला काढलं असं मात्र नाही. दोन गाणी धाकटीने आग्रहाने तिच्या गळ्यात घातली. कार्यक्रमात निवेदकाची जीभ सवयीने घसरली: “दिवंगत गायिका...” धाकटीने माइक ओढला. “दिवंगत कोण? मी आत्ता दोन जिने चढून आलेय. श्वास घेऊ द्या, मग गाते.” आणि गायली. फितीवरून थोरलीचा आवाज यायचा, तिचा सूर सरला की धाकटी उचलायची, जणू खिडकीशी बसून एकीने बोलायचं आणि दुसरीने हुंकार द्यायचा. मागच्या रांगेत जागी बाळाला पोटाशी धरून उभी होती. ही बातमी माझ्यात लिहिण्याआधी तिने वर्तमानपत्राला फोन लावून विचारलं, “तुमचा बातमीदार स्वतः सभागृहात होता ना? नक्की?”

आज माझ्यात बासरी नाही, किटली आहे. कपाळ उघडं आहे. वाचक पूर्वीपेक्षा कमी येतात. येतात त्यांना मी ताठ मानेने भेटतो.

पण मित्रांनो, त्या कार्यक्रमानंतर कासव दिसलेलं नाही. चर्चेच्या पानावर जागीने लिहिलं, “दादा, आहात ना?” उत्तर नाही. कित्येक पानं त्याची वाट बघत पडून आहेत. परवा कुणीतरी त्याच्या पानावर खरडलं: ‘बहुधा ते आता नाहीत.’ जागीने ते तत्क्षणी पुसलं. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो: बहुधा? कुणी बघितलं? कुणी विचारलं?

त्याचं खरं नाव आम्हाला ठाऊक नाही. बोलता बोलता निसटलेलं तेवढंच ठाऊक आहे. एकटा राहतो. वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली बेकरी आहे, तिच्या वासाने पहाटे जाग येते. गुडघे दुखतात. कुणाची चूक काढताना आधी स्वतःची सांगतो.

तुमच्या जिन्यात असं कुणी असेल, तर ते होते की आहेत याची चर्चा करत बसू नका. वर जा, दार वाजवा. उघडायला त्यांना वेळ लागेल. थांबा.