झेंडा माझ्या खांबाला

मी एक होला बोलतोय. जावा बेटावर, वागिमानच्या ओसरीवर पिंजऱ्यात टांगलेला असतो. घुमणं हाच माझा धंदा. पण ज्या दिवशी मी घुमण्याची स्पर्धा जिंकलो, त्या दिवशी मुद्दाम गप्प बसलो होतो.

जन्म पिंजऱ्यातलाच. आजा-पणजा नावाजलेले, म्हणून वागिमानने मला घरी आणलं. आमच्याकडे घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी असेल तोच पुरता पुरुष. त्याचा घोडा म्हणजे धूर ओकणारी मोटारसायकल, कट्यार तर कधीच गंजलेली. सगळी इभ्रत माझ्या गळ्यावर आली. सकाळी मला अंघोळ, कोवळं ऊन, निवडलेले राळे. बायकोला, सुवार्तीला, 'चहा घेतलास का' एवढंही विचारायला त्याला सवड नसे.

इतकं करून मी हरतच राहिलो. तरी तो सुवार्तीला ऐकवायचा, की सौंदर्य म्हणजे काही ज्याची त्याची आवड नव्हे. सुरुवात, शेवट, लय, आवाजाची गोलाई, सगळ्याला गुण असतात, आणि जिंकेल त्याच्या खांबाला झेंडा.

"तुमच्या घोरण्यानंतर मला कावळाही गोड लागतो," ती म्हणाली. "ते राहू द्या. ह्या खेपेला झेंडा नाही मिळाला, तर दार उघडून ह्याला सोडायचं. जीव तुटतो हो माझा. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला.

मग मी गाणार कशाला? हरणं तर माझ्या हातचा मळ.

स्पर्धेत पिंजरा उंच खांबावर चढला. खाली परीक्षक डोळे मिटून, माना डोलवायला तयार. तेवढ्यात खांबावर झुकलेल्या फणसाच्या फांदीवर एक रानहोला येऊन बसला आणि घुमू लागला. इतकं गोड मी जन्मात ऐकलं नव्हतं. क्षणभर मी सुटकाही विसरलो.

परीक्षकांनी एकमताने सगळ्यात वरचा झेंडा माझ्या खांबाला लावला. "ह्यात मतभेदाला जागाच नाही," थोरले परीक्षक म्हणाले. रानहोला उडून गेला. त्याच्या फांदीला कुणी चिंधीही बांधली नाही.

आता माझ्या दाराला तारेचा पीळ आहे. सुवार्तीने तो पाहिला आणि ती चुलीकडे वळली. लोक लांबून मला ऐकायला येतात आणि म्हणतात, त्या दिवशीची सर नाही. अगदी खरं आहे. माणसांचे कान खोटे नाहीत. गोड ते गोडच, हे मलाही पटलंय. पण गोड ऐकलं की ते आधी पिंजरा शोधतात, त्याला काय करावं?

तो रानहोला हल्ली सकाळी आमच्या कौलांवर येतो. घुमू लागला की वागिमान खडा उचलतो.

"हाड, मेल्या बेसुऱ्या! माझ्या पोराचा सूर बिघडवशील."

बाबांनो, तेवढा खडा मारू नका. माझा झेंडा खुशाल त्याला द्या. पिंजरा मात्र देऊ नका.