बुडायचं राहून गेलं

मी फत्तेदौलत बोलतेय. कच्छातल्या मांडवीच्या खाडीकाठी चिखलात कललेली, दोन डोलकाठ्यांपैकी एकच उरलेली शिडाची नौका. लांबून बघितलंत तर इतिहास वाटेन. जवळ आलात तर नाक धराल.

याच काठावर मिस्त्र्यांनी मला मलबारी सागात बांधलं. जन्मभर मी मीठ, कौलं, बकऱ्या आणि बसऱ्याचा खजूर वाहिला. लढाई केली नाही. राजेमहाराजे बसले नाहीत. एकदा कुणा सुलतानाचा आचारी बसला होता, तो मस्कतपर्यंत ओकत गेला.

मग इंजिनवाली जहाजं आली आणि मी इथे रुतले. कावळे बसले, कुत्री व्याली, प्रेमी जोडप्यांनी माझ्या अंगावर नावं कोरली. त्यातली निम्मी जोडपी आता एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

यंदा बंदरवाल्यांनी काठ साफ करायला काढला. ‘ऐतिहासिक असेल तेच राहील,’ म्हणाले. माझं सुकाणू धरणारा म्हातारा तांडेल जादवजी खारवा खवळला. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात नोंद असली की जहाज ऐतिहासिक ठरतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने कोशाच्या संपादक तोरलबेन अंताणींना भुजहून बोलावलं आणि हातात दाबेली देऊन सुरुवात केली.

“लिहा बेन. हिने इंग्रजांच्या आगबोटीला पळवून लावलं.”

“कुठल्या साली?”

“साल कोण बघतंय? वारा उत्तरेचा होता. आणि सुलतानाचा जिराफ हिच्यातूनच गेला.”

जिराफ! मी लाजेने आणखी थोडी कलले.

“काका, हे छापून कुठे आलंय?”

“आमच्यात ज्यांना दर्या कळायचा त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता यायचं ते ओकत पडायचे.”

तोरलबेन हसल्या. “ती नूरेदरिया बघा. पहिल्याच फेरीत बुडाली. पेपरात आलं, चौकशी झाली. तिची नोंद आहे. जिराफ राहू दे काका, खरं काहीतरी सांगा.”

जादवजीशेजारी दोरखंडाच्या वेटोळ्यावर माझा जुना खलाशी सालेमामद बसला होता. तो म्हणाला, “माझं सांग की.”

मग जादवजीने सांगितलं. खजुराचा हंगाम होता. जो आधी पोचेल त्याचा बाजार. वाटेत एका लाटेने सालेमामदला उचलून नेलं. माझ्या मालक शेठचा मेहुणा बरोबर होता, तो ओरडला, “थांबू नका! एका खलाशापायी बाजार घालवता?” जादवजीने सुकाणू फिरवलं. भरल्या पोटी, उलट्या वाऱ्यात मी वळले. शीड टरकन फाटलं, एक डोलकाठी मोडली, सांधा न् सांधा कळवळला. सूर्य पाण्याला टेकला तरी माणूस दिसेना. मग शिव्या ऐकू आल्या. त्या शिव्यांच्या रोखाने गेलो आणि त्याला वर ओढलं. शेठने पुढचा अख्खा हंगाम जादवजीला घरी बसवलं.

तोरलबेननी चष्मा पुसला. “हे तरी छापून आलं?”

“कोण छापणार? सगळे जिवंत घरी आले.”

“मी साक्षीला आहे की,” सालेमामद म्हणाला.

“माणसाची साक्ष कोशाला चालत नाही, चाचा. छापील आधार लागतो.”

“म्हणजे मी मेलो असतो तर चाललं असतं?”

तोरलबेन म्हणाल्या, “हो.”

“बघ जादव! तरी मी म्हणत होतो, वळवू नको!”

“कधी म्हणालास? तू माझ्या आईचा उद्धार करत होतास!”

दोघे खोकला येईपर्यंत हसले. नोंद मात्र नामंजूर झाली.

आज मला फोडतायत. अर्धी फोडून झाली. तोरलबेन आल्यात, आपणहून. फळ्या न्यायला सालेमामदचा गोतावळा लोटलाय: मुलगे, सुना, जावई, नातवंडं, नातसुनेच्या कडेवर एक तान्ही पणती. सगळे एकाच वेळी बोलतायत.

“एवढी माणसं चाचांची?” तोरलबेननी विचारलं.

“सगळी त्या फेरीनंतरची,” जादवजी म्हणाला. “तेव्हा याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.”

तोरलबेन त्या घोळक्याकडे बघत राहिल्या.

जाता जाता माझं एवढंच मागणं आहे. साग आहे, बिर्याणीखाली जाळू नका. एखादा दरवाजा करा. आणि त्या पणतीला पोहायला शिकवा. आता वळायला मी नसेन.