परीक्षक टपरीवर, परीक्षा वाशिमला

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे अस्सल सागवानी. खडू टेकवला की नाक मुरडणाऱ्या हल्लीच्या हिरव्या, गुळगुळीत फळ्यांशी माझे नाते लावू नका. केनवडच्या एका सुताराने मला घडवले आणि शाळेतल्या पोरांनी मला काळे केले. त्या काळी टॉर्चमधले संपलेले सेल फोडून आतली काळी भुकटी फळ्याला फासत. पोरे हे काम इतके मन लावून करत की घरी गेल्यावर आई आधी फटका देई आणि मग ओळखी.

माझी उमेदीची वर्षे शाळेत गेली. माझ्यावर पाढे लिहिले गेले, नद्यांची नावे लिहिली गेली, आणि रोजचा सुविचारही लिहिला गेला. सुविचार लिहून झाला की गुरुजी त्याच्याखालीच खुर्चीत डुलकी घेत. एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "फळा चांगला आहे." बाकी शाळेबद्दल ते काहीच बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक.

आमचे गुरुजी गुण देण्यात भारी कंजूष होते. पण पेपर वाचून गुण द्यायचे. तेव्हा मला यात विशेष काही वाटत नसे. आता वाटते.

मग शाळेच्या भिंतीवर मोठा पडदा आला आणि माझी रवानगी खिचडीच्या खोलीत झाली. तिथे मी तांदळाच्या पोत्यांना टेका देत उभा होतो. पोत्यांना शिकवण्यासारखे काही नसते, पण ती निदान उलट बोलत नाहीत. पुढे एका भंगारवाल्याने मला उचलले आणि त्याच्याकडून कारंज्याच्या उस्मानभाईंनी. फुटबॉलच्या मैदानाला लागून उस्मानभाईंची चहाची टपरी आहे. माझ्यावर चहाचे भाव लिहायचे, एवढाच त्यांचा साधा विचार होता. साधे विचार या टपरीवर फार टिकत नाहीत.

कारण तिथे फुटबॉलचे चाहते बसतात.

या चाहत्यांची एक प्रथा आहे. सामना झाला की प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे आणि ते माझ्यावर लिहायचे. पाचाच्या खाली गेला तो पुढच्या सामन्यातून बाद. संघ चालवणाऱ्या या चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष दौलतराव. त्यांनी आयुष्यात एकच लाथ मारली, ती चालत्या नोकरीला. पण चेंडू कोणत्या कोनातून मारावा, हे त्यांच्याइतके ठामपणे सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. त्यांचा उजवा हात म्हणजे हरीओम. त्याचे मोबाईलचे दुकान आहे. तो सगळ्याला 'बराबर' म्हणतो.

मी कित्येक पिढ्या नापास होताना पाहिल्या आहेत, पण असे परीक्षक पाहिले नव्हते. एका गड्याचे दोन गुण त्याने केस रंगवले म्हणून कापले. दुसऱ्याचा अर्धा गुण गेला, कारण त्याने रस्त्यात दौलतरावांना नमस्कार केला नाही.

तर त्या रविवारी वाशिमला उपांत्य सामना होता. हरेल तो घरी. चाहत्यांचे संघावर इतके प्रेम की त्यांतला एकही वाशिमला गेला नाही. ऊन फार होते. मैदानावर बाकाजवळ बसलेला कोणी तरी सामना थेट दाखवत होता, तो हरीओमच्या मोबाईलवर बघायचे ठरले. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. तळहाताएवढ्या चित्रात खेळाडू मुंग्यांएवढे आणि चेंडू मोहरीएवढा. त्यातही चित्र थांबून ते गोल चक्र फिरत राही. माझ्या मते त्या दिवशी सर्वांत जास्त तेच पळाले.

आता एक गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखेच गुण द्याल.

मंडळाने एकूण अकराच जर्स्या शिवल्या होत्या, पाठीवर नाव छापलेल्या. बाराव्या गड्याला जर्सी नाही. जो बाहेर येईल त्याने आपली जर्सी काढून स्वतःच्या हाताने आत जाणाऱ्याला द्यायची, असा दौलतरावांचाच नियम. आणि जर्सी कोणाला द्यायची, तेही बाहेर येणाऱ्यानेच ठरवायचे. सामना सुरू होतो न होतो तोच धीरज नावाच्या गड्याचा पाय दुखावला. त्याने जर्सी काढून बाराव्या गड्याला, म्हणजे संघपालला, दिली, आणि स्वतः डोक्यावरून टॉवेल पांघरून बाकावर बसला. हे घडले तेव्हा मोबाईलवर चक्र फिरत होते. पुढचा सगळा सामना संघपाल धीरजचे नाव पाठीवर घेऊन खेळला. सामन्यातला एकमेव गोल त्याने मारला. संघ जिंकला, आणि फायनलला गेला.

टपरीवर आधी जल्लोष झाला. मग दौलतरावांनी खडू मागितला. खडू हातात आला की त्यांचा आनंद लगेच ओसरतो.

"धीरज?"

"दहा द्या, भाऊ," हरीओम म्हणाला. "काय पळून राह्यला होता पोट्टा! जसा मांगं कुत्रा लागला!"

"दहा आपुन कोणालेच देत नाई. डोक्यात हवा जाते. नऊ."

"बराबर."

बाकीच्यांना त्यांनी पाच-सहावर उरकले. जिंकलेल्या संघाला इतक्या तुच्छतेने गुण देणे हीसुद्धा एक कला आहे. मग शेवटचे नाव आले.

"संघपाल?"

"तो कोठं दिसला बे?" एक चाहता म्हणाला. "बाकावर बसून होता. टॉवेल पांघरून शेंगदाणे खाऊन राह्यला होता."

"पुरा टाइम?"

"पुरा! टीम तिकडं मरून राह्यली, अन् साहेब शेंगा फोडून राह्यले."

"अरे भाई," उस्मानभाई चहा गाळता गाळता म्हणाले, "खेळलाच नाई तं मार्क कायचे? गैरहजर लिवा."

"शून्य," दौलतराव म्हणाले, आणि माझ्यावर एवढे मोठे शून्य काढले की त्यात चहाची किटली बसली असती. त्यापुढे लिहिले, 'फायनलमधून बाद.' खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ ओढताना खडू माझ्या अंगात रुतला. गुरुजी कधी दुसरी रेघ ओढत नसत.

संघपालची आई चतुराबाई. टपरीच्या बाजूलाच तिची भाजीची हातगाडी असते. गावाबाहेरच्या वावरातून पहाटे मेथी, पालक, वांगी काढायची आणि इथे विकायची. भाजी डोक्यावरून उतरवून मगच संघपाल मैदानात जायचा. वर्षभर तो बारावा होता. धीरज फायनल खेळणार नाही, हे वाशिमला गेलेल्या पोरांना उघड होते. म्हणजे पहिल्यांदाच संघपालला शिट्टीपासून मैदानात उभे राहायला मिळणार होते. आणि नेमके त्याच वेळी माझ्या अंगावर ते शून्य.

संध्याकाळी संघाला घेऊन टेम्पो आला. बाकीची पोरे धीरजला घेऊन डॉक्टरकडे गेली, संघपाल टपरीशी उतरला. त्याने मला वाचले. दोनदा वाचले.

"दौलतकाका, मी खेळलो ना."

"हो, शेंगदाण्याशी," हरीओम म्हणाला. सगळे हसले.

संघपालने पिशवीतून चिखलाने भरलेली जर्सी काढली. पाठीवर धीरजचे नाव. त्याला वाटले, हा पुरावा.

"हे पाह्य! धीरजची जर्सी धुवाले आणली," दौलतराव म्हणाले. "चाला, तेवढं तरी काम केलं."

"काका, म्याच घातली होती. गोल बी म्याच मारला."

एका चाहत्याचे बिस्कीट चहात पडले. तो त्यासाठीही संघपालवरच चिडला.

चतुराबाई वांगी तोलता तोलता थांबली. "अवं दौलतभाऊ, पोराचं ढोपर तं पाहा. किती सोललं हाय ते!"

"बाकावरून पडला असंल," दौलतराव म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड नाही. माझ्या अंगावर लोक जे लिहितात तेच मी बोलतो, आणि त्या दिवशी मी खोटे बोलत होतो. शाळेत एखाद्या पोराने चुकीचा पाढा लिहिला तर मला खाज यायची. त्या शून्याने मला आगच लागली.

हा वाद तासभर चालला, तेवढ्यात धीरज आला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. चाहते धावले. दौलतरावांचे डोळे भरून आले.

"असा पाय घेऊन खेळला रे, पोट्ट्या! हरीओम, खोड ते नऊ. दहा लिव!"

"काका, मी कोठं खेळलो? मी तं सुरुवातीलेच बाहेर आलो."

"पाहा, किती नम्र हाय! साडेदहा लिव."

दहापैकी साडेदहा! आमच्या गुरुजींनी हे पाहिले असते तर त्यांची डुलकी कायमची उडाली असती.

"अबे, पण ऐका तं!" धीरज ओरडला. "बाकावर शेंगा खाऊन राह्यलो होतो, तो मी होतो! मले पाय टेकवत नव्हता, म्हणून माही जर्सी म्या संघ्याले देल्ली. गोल त्यानं मारला!"

हरीओम माझ्याकडे बघू लागला, जणू चूक मी केली होती. मला आशा वाटली. आता कोणी तरी फडका घेईल.

पण माणूस एकदा परीक्षक झाला की त्याला चूक दिसते ती फक्त दुसऱ्याची. दौलतराव खाकरले.

"हे पाहा, फळ्यावर लिवलं ते लिवलं. मार्क जर्सीले भेटले. जर्सीवर कोणाचं नाव हाय?"

"धीरजचं."

"संघपाल लिवलेली जर्सी कोणाले दिसली का?"

"नाई."

"मंग शून्य बराबर हाय."

"बराबर," हरीओम म्हणाला.

"अन् फायनल कोण खेळंल?" धीरजने विचारले.

"ज्याले साडेदहा भेटले तो."

"माहा पाय मोडला हाय, काका!"

"हिंमत ठेव."

संघपाल जर्सीची घडी घालू लागला. त्याने ती धीरजपुढे धरली. धीरजने ती घेतली नाही. त्याने आपल्या प्लास्टरकडे पाहिले, आणि मग अगदी गरीब तोंड करून म्हणाला, "ठीक हाय, काका. तुमी म्हंता तं मी खेळतो."

"शाबास!"

"मी लंगडत लंगडत मैदानापर्यंत जातो. मंग बाहेर येतो. बाहेर येणाराच ठरवते ना, जर्सी कोणाले द्याची ते? नियम तुमचाच हाय."

"माहाच," दौलतराव अभिमानाने म्हणाले. मग त्यांना काही तरी खटकले, पण तोवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजल्यावर ते सहसा विचार करत नाहीत.

"याले म्हंते टीमचा विचार!" ते म्हणाले. "अकरा लिव त्याले."

असा संघपाल फायनलला उतरला. माझ्यावरचे त्याचे शून्य तसेच राहिले.

फायनलच्या दिवशीही चाहते टपरीवरच होते. ऊन तेवढेच होते. मध्यांतराच्या आधीच हरीओमचा मोबाईल बंद पडला. मोबाईलच्या दुकानदाराला चार्जिंग करायची आठवण राहिली नव्हती. पण परीक्षकांचे काहीच अडले नाही. त्यांनी पूर्ण सामन्याचे गुण दिले. उत्तरार्धात कोण दमला, कोणी पास चुकवला, सगळे माझ्यावर लिहून झाले. धीरज, म्हणजे संघपाल, त्याला सहा. 'सुधारणेला वाव.'

अंधार पडताना टेम्पो आला. टपावर कप बांधलेला होता. चाहत्यांनी कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग मोठ्याने ओरडायला सुरुवात केली की आम्ही म्हणालोच होतो.

संघपालने उतरल्या उतरल्या जर्सी आईच्या हातात दिली. उद्या ती धीरजला परत करायची होती. चतुराबाईने टपरीच्या नळाखाली ती खळखळून धुतली, कचकचून पिळली, झटकली, आणि सरळ येऊन माझ्यावर पसरली. सगळे गुण, रेघा, शेरे झाकले गेले. पाणी ओघळले तसा खडू वाहू लागला.

"अवं, अवं! फळ्यावर काहून टाकून राह्यली?" दौलतराव किंचाळले.

"मंग कोठं टाकू?" ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या तोंडावर?"

त्यावर हरीओमसुद्धा 'बराबर' म्हणाला नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. जुन्या फळ्यांना पावसात ठेवू नका, त्यांची वाळवी झाडा, कोरड्या फडक्याने पुसा. आणि ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला निदान एकदा जवळून बघून या. ते जमत नसेल, तर माझ्यावर ओले कपडे वाळत घाला. माझी काही तक्रार नाही.