दोन डावे फ्लॅप

आमच्या यारंबा गावात वाळवी इतकी माजलेली, की माझ्या चुलत्याचा लाकडी पाय तिनं रविवारच्या प्रार्थनेत खाऊन टाकला. पाद्री लांबण लावायचा हे खरं. पण चुलता उठायला गेला तेव्हा खाली नुसता बूट उरला होता. हे एवढ्यासाठी सांगतो, की क्लॅरी पेंगेलीनं विमान बांधायचं ठरवलं तेव्हा लाकडाचं विमान पहिल्याच फटक्यात बाद झालं, ते या बुटामुळे.

क्लॅरी माझा शेजारी. शेजारी म्हणजे दोघांच्या घरांमध्ये चार मैल गहू. चौतीस वर्षं त्यानं कौन्सिलचा ग्रेडर चालवला. मातीचे रस्ते पात्यानं खरवडून सपाट करायचे, पाऊस पडून गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या आधी, तरुणपणी, सात वर्षं तो विमानातून शेतांवर खत टाकायचा. मुलगी झाली आणि एके दिवशी जेवताना जीननं, त्याच्या बायकोनं, त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं विमान सोडलं. जीन गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो माझ्या व्हरांड्यात येऊन बसला आणि म्हणाला, "आर्च, मला माझे रस्ते वरून बघायचेत."

"मग तिकीट काढ की. सिडनीचं विमान रोज जातं इथून वरून."

"दुसऱ्यानं हाकलेल्या विमानातून नाही रे लेका. मी हाकत."

घाई होती ती डोळ्यांमुळे. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग धरायला लागला होता. आमच्या डॉक्टर सेल्वननं त्याला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला आणि सांगितलं, "आज केसभरानं पास झालात, मिस्टर पेंगेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तुमची पंचाहत्तरी. तिथून पुढं दर वर्षी माझ्या सहीचा कागद लागणार. तेव्हा बघू." आमच्याकडे हलक्या छोट्या विमानाला मोटार चालवण्याइतकी तब्येत असली की भागतं. म्हणजे मोटार गेली की विमानही गेलं. हातात सतरा महिने होते. तेवढ्यात विमान निवडायचं, बांधायचं आणि उडवायचं.

निवडायला आम्ही हौशी विमानवाल्यांच्या मेळाव्याला गेलो. लाकडाचं का नको ते मी तिथल्या विक्रेत्याला बुटासकट समजावून सांगितलं; तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे जरा लवकरच वळला. दुसरं होतं कापड ताणलेलं. क्लॅरी म्हणाला, "आपल्याकडचे काकाकुवे बघितलेस ना? चर्चच्या छपराचं शिसं खातात ते. कापड तर त्यांना पावाबरोबर लागेल." मग एक लालभडक, पंख पोटाखाली असलेलं, फार देखणं. क्लॅरी त्यात उतरला झोकात, पण गुडघ्यानं बाहेर यायला साफ नकार दिला. शेवटी तिघांनी ओढला आणि शेजारच्या तंबूतून मटणाच्या चरबीचा डबा आणवला. डबा रिकामा झाला एवढंच सांगतो.

चौथं ॲल्युमिनियमचं होतं. पंख छत्रीसारखे डोक्यावर. क्लॅरी आत बसला, दाराच्या काचेतून खाली गवताकडे बघितलं आणि बघतच राहिला. विक्रेता वेग सांगायला लागला, पेट्रोल किती पितं ते सांगायला लागला.

"ते राहू दे," क्लॅरी म्हणाला. "खाली बघताना मधे पंख येत नाही ना?"

"नाही येत."

"मग दे बांधून."

"बांधून नाही हो काका, बांधायचं तुम्हीच. आम्ही फक्त खोकी देतो."

खोकी दोन आली, घराएवढी. क्लॅरीच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आम्ही ती फोडली, तर आत विमान सोडून सगळं होतं: पत्रे, पट्ट्या, पुड्या आणि ड्रॉइंगांची चळत. पत्रे जोडायचे बिनआट्यांचे खिळे, म्हणजे रिव्हेट, बारा हजार. मी मोजले नाहीत, पण माझं उजवं कोपर अजून मोजतंय. एका मॅगपाय पक्ष्यानं त्यातले पळवून विजेच्या खांबावर असं पक्कं घरटं बांधलं, की पुढं खांब वाकला पण घरटं वाकलं नाही. जानेवारीत पत्रा इतका तापायचा की मी शेपटीवर डझनभर अंडी तळली. क्लॅरी म्हणायचा एकच अंडं होतं. असेल. डोळे त्याचे अधू होते.

काय दिवस होते! सकाळी सहाला मी माझी खटारा गाडी घेऊन निघायचो. शेडचं दार उघडं, रेडिओवर क्रिकेट, तेलाच्या रिकाम्या टिनावर बसलेला क्लॅरी नाकाशी ड्रॉइंग धरून. दुपारी खारवलेल्या मांसाचे सँडविच आणि थर्मासमधला काळा चहा, त्यात हमखास ॲल्युमिनियमचा एखादा चुरा. आधीच्या चाळीस वर्षांत आम्ही जितकं बोललो नव्हतो तितकं त्या सव्वा वर्षात बोललो. मात्र त्यातलं बरंचसं 'धर', 'सोड' आणि 'अरे तिकडून नाही, इकडून' एवढंच होतं. मधेच तो हात थांबवून विचारायचा, "मोर्टनच्या तळ्याकडचा रस्ता वरून कसा दिसत असेल रे?" मी म्हणायचो, "खड्डे दिसतील." तो म्हणायचा, "माझ्या रस्त्याला खड्डे?" आणि पुढचा तास रिव्हेट जरा जोरात बसायचे.

जूनमध्ये तो डोळे दाखवायला तीन दिवस मोठ्या गावी गेला. तेव्हा डावा पंख झाला होता, त्याचा फ्लॅप झाला होता. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची फळी, उतरताना खाली झुकते ती. उजवा फ्लॅप राहिला होता. म्हटलं, क्लॅरी येईपर्यंत आपण करून ठेवू, गडी खूश होईल. ड्रॉइंग समोर ठेवलं आणि कामाला लागलो. जन्मात मी इतकं नीट काम केलेलं नाही. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. ड्रॉइंगात जसं होतं तसं हुबेहूब.

क्लॅरी आला. फ्लॅप हातात घेतला, बोटांनी कडेवरून चाचपला, उलटा केला, सुलटा केला.

"सुंदर झालाय," तो म्हणाला.

"आहेच."

"आता आपल्याकडे दोन डावे झाले."

ड्रॉइंगाच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: हे डाव्या बाजूचं, उजवी बाजू याच्या उलट करावी. ते वाचायचं सोडून बाकी सगळं मी वाचलं होतं. पत्रा वळलेला, भोकं पडलेली. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात कोंबता येईल, पण हा फ्लॅप नाही. कारखान्याला फोन केला. नवा पत्रा समुद्रमार्गे येणार, सव्वाचार महिने. ऑक्टोबर तिथंच संपत होता.

क्लॅरी मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. टिनावर बसून त्यानं चहा ओतला, त्यातला चुरा काढला आणि म्हणाला, "शेपटीची तार राहिलीय, ती ओढून घेऊ."

त्या रात्री घरी बसून मी हौशी विमानवाल्यांच्या मासिकाला जाहिरात लिहिली. 'दोन डावे फ्लॅप झाले आहेत. एक उजवा हवा.' खाली माझं नाव लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं: क्लॅरी पेंगेली, यारंबा. का केलं? गावात माझा काही मान होता. निदान मला तसं वाटायचं.

मासिक निघालं आणि अख्ख्या देशातले विमानवाले हसले. क्लॅरीला फोन येऊ लागले. "काय पेंगेली, विमान गोल-गोलच फिरवायचंय का?" पबमध्ये कुणीतरी त्याच्यापुढे डावे बूट दोन ठेवले. त्यानं ते बूट बघितले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय करणार, वय झालं." मी माझ्या बिअरमध्ये बघत होतो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग पत्र आलं. पार पश्चिमेच्या टोकाहून. 'मिस्टर पेंगेली, मी दोन उजवे केले आहेत. जगात आपण दोघं आहोत तर. एल्वा ट्राउन्सन.' पत्रापाठोपाठ दहाव्या दिवशी बाईच आल्या. मागं कॅरव्हॅन, तिच्यातल्या पलंगावर घोंगडीत गुंडाळून निजवलेला फ्लॅप. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या, विमानाचा परवाना खिशात असलेल्या.

"ट्रकवाल्यांवर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "शिवाय म्हटलं, माझ्या तोडीचा वेडा कसा दिसतो ते तरी बघावं. वाटेत त्या ओसाड सपाटीवर एक कांगारू माझ्या गाडीशी शर्यत लावून दोनशे मैल धावला. पेट्रोलपंपावर मी थांबले तर तोही थांबला."

बाई आपल्यातली आहे हे मला तिथंच कळलं.

"पण दोन उजवे झाले कसे हो?" क्लॅरीनं विचारलं.

"ड्रॉइंग खिडकीच्या काचेवर लावून उलटं गिरवलं. उजवा झाला. मग म्हटलं, आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पुन्हा उलटं करायचं. तर ते गिरवलेलंच समोर ठेवलं, पाठीमागून, आणि नंतर वाऱ्यानं ते पालटलं की मीच पालटलं, देव जाणे." त्यांनी आमचे दोन्ही डावे फ्लॅप बाकावर शेजारी ठेवले, रिव्हेटांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "हे दोन वेगळ्या हातांचे आहेत."

माझे कान तापले.

"दोन्ही माझेच," क्लॅरी म्हणाला. "एक जेवणाआधी केला, एक जेवून."

एल्वाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या कानांकडे. "असं होय? मग मला जेवणानंतरचा द्या. तो जास्त निगुतीनं केलाय."

तो माझा होता. मी तोंड उघडलं. म्हटलं, "बाई, तो मी केला. आणि जाहिरातही मीच लिहिली, त्याच्या नावानं."

"माहितीय रे," क्लॅरी म्हणाला. "पेंगेलीचं स्पेलिंग चुकवणारा गावात तू एकटाच आहेस. धर आता ते टोक."

त्यांचा उजवा आमच्या पंखाला असा बसला जसा कारखान्यातून आला असावा. मेंढ्या तोलायच्या काट्यावर विमान तोललं, तपासनीस आला, बघून सही करून गेला. एल्वाबाई जायच्या होत्या, पण म्हणाल्या, वर गेलेलं बघून जाते. आणि कॅरव्हॅन शेडच्या मागं लागली ती लागलीच. तोवर क्लॅरीनं विमान शिकवणाऱ्या एका शिक्षकापाशी परवाना नव्यानं काढून ठेवला होता. ऑक्टोबर उजाडला, आणि वारा सुटला. असा वारा, की कोंबडीनं दिलेलं अंडं कुंपणापलीकडं जाऊन पडायचं. रोज पहाटे तो शेडबाहेर उभा राहायचा, मूठभर माती उडवून बघायचा आणि आत यायचा. वाढदिवस नऊ तारखेला. सात दिवस, सहा दिवस.

पाच दिवस उरले त्या सकाळी एक पानसुद्धा हललं नाही.

पहिल्या उड्डाणाला, आणि पुढं चाचणीचे ठरावीक तास होईपर्यंत, विमानात एकट्यानंच बसायचं, असा नियम. ठरलं होतं, शेताभोवती एक फेरी आणि खाली. विमान गव्हाच्या कडेनं धावलं, उठलं. दोन्ही फ्लॅप एकसारखे वर गेले. तेवढंच बघत होतो मी. मग फेरी घ्यायची सोडून तो रस्त्याच्या वर गेला, आणि रस्ता धरून मोर्टनच्या तळ्याकडं, ठिपक्याएवढा, आणि मग नाहीच.

"एक फेरी म्हणाले होते ना?" एल्वाबाई म्हणाल्या.

"ग्रेडरवाला आहे. रस्ता अर्धा टाकून यायची सवय नाही त्याला."

असं म्हणालो खरा, पण हातातली टोपी मी पिळून काढत होतो. अडतीस मिनिटांनी आवाज आला. धावपट्टीवर येताना विमानाचं नाक जरा आडवं होतं, जणू तो पट्टीकडं बघतच नाहीये. उतरलं, उडालं, पुन्हा उतरलं, आणि माझ्या पायांपासून वीस पावलांवर थांबलं. मी किती ओरडलो ते मला आठवत नाही. एल्वाबाई म्हणतात पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागली.

क्लॅरीनं इंजिन बंद केलं, दार उघडलं. मग गुडघा सांभाळत उतरला.

"दिसले का रस्ते?" मी विचारलं.

"दिसले. सरळ बघितलं की रस्ता पुसला जायचा. मधोमध नुसता धूर. मग मान वळवून बाजूला बघायचो, की कडेला पुन्हा यायचा, लाल, लांबच्या लांब. सगळे तसेच बघितले. तिरक्या नजरेनं." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "पट्टीसुद्धा तशीच बघितली, आर्च. तूसुद्धा दिसला नाहीस. ओरडलास म्हणून कळलं."

डॉक्टरकडं जायला अजून पाच दिवस होते. पाचही दिवस वारा नसणार असं रेडिओ सांगत होता. क्लॅरीनं खिशातून विमानाची किल्ली काढली आणि एल्वाबाईंच्या तळहातावर ठेवली.

"चाचणीचे पुढचे तास तुम्ही उडवा. घाई नाही. झाले की मला शेजारी बसवा."

"आणि मधे मधे बोलणार नाही, असं वचन द्या."

"ते नाही देता येणार."

एल्वाबाई पंखांभोवती फिरून बघू लागल्या. आम्ही दोघं कुंपणाला टेकून उभे राहिलो. सात वर्षं तो त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला, अखेरपर्यंत, आणि सात वर्षं मधे मधे बोलला. पण ते नंतर. त्या सकाळी तो इतकंच म्हणाला:

"चौतीस वर्षं मला वाटत होतं, तळ्याचा रस्ता दोरी धरल्यासारखा सरळ आहे. त्याला एक बाक आहे रे."

"कुठं?"

"तुझ्या फाटकापाशी. दर खेपेला तिथं आलो, की तू चहाला हाक मारतोस का म्हणून बघायचो. पातं तिकडं ओढलं जात असणार." तो हसला. "भरपूर वाकलाय."

आता तो रस्ता डांबरी झालाय. नवी पोरं भरधाव येतात, माझ्या फाटकापाशी ब्रेक मारतात आणि ज्यानं कुणी असा रस्ता केला त्याला शिव्या घालतात. मी व्हरांड्यात बसून ऐकतो. चहा घ्यायला मात्र थांबत नाही कुणी.