खालची मॅट नवीच राहिली

मी मॅट बोलतेय. गाडीतली. ड्रायव्हरच्या पायाखाली असते ना, ती. तुम्ही माझ्यासारखीवर रोज पाय ठेवता, चिखल पुसता, शेंगांची टरफलं टाकता आणि खाली कधी बघत नाही. आज जरा बघा. मला जे सांगायचं आहे ते माझ्या पोटात मावत नाही आता.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तापलेल्या रबराचा वास आणि साच्याचा दाब, एवढंच आठवतं. मग गठ्ठ्यात बांधून नागपूर, तिथून यवतमाळ. आर्णी रोडवरच्या एका दुकानात मला दोरीला टांगलं. जाड, काळी, लाल दोऱ्याची शिवण, वरून मऊ. माझ्यामागे माझ्या चार बहिणी. मला माझ्या रूपाचा भारी तोरा होता. शेजारी साध्या रबराची एक मॅट लटकायची, तिच्याकडे मी नाक मुरडून बघायचे. दुकानदार माझी ओळख करून द्यायचा, ‘ही सगळ्या गाड्यांना बसते.’ सगळ्यांना बसते म्हणजे कुणालाच नीट बसत नाही, हे मला तेव्हा कुठलं कळायला!

एक दिवस विठ्ठलराव आले. मुकुटबनचे शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन. पुण्याला नोकरी करणाऱ्या ऋतिकनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, वडिलांना गाडी घेऊन दिली होती. गाडी आधी कळंबच्या चिंतामणीला नेऊन आणली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे लिंबू-मिरची. सोबत बायको वच्छलाबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी समीक्षा. तिघांचीही तोंडं लग्नघरातल्यासारखी फुललेली.

सीट कव्हर घेतलं, स्टिअरिंगचं कव्हर घेतलं, अत्तराची बाटली घेतली. सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. ते काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कव्हर त्याच्यावरूनच चढलं. मग विठ्ठलरावांचा हात माझ्यावर फिरला.

“बाबा, गाडीत कंपनीची मॅट हाये ना,” समीक्षा म्हणाली. “तिले खाली हूक हायेत. जागची हलत नाही थे.”

“हाये ना. पण थे नवीन हाये. तिले कायले खराब करा?”

“मंग थे काढा अन् हे टाका. एकावर एक टाकली तं वरची सरकते.”

“सरकत नाही ताई,” दुकानदार म्हणाला, “खालून काटे हायेत हिले.”

“काढून ठेवाव कुठी?” वच्छलाबाईंनी विचारलं. “घरी उंदरं कुरतडतीन.”

विठ्ठलरावांनी निकाल दिला. “तिथंच राहू दे. वरून हे अंथरू. उद्या गाडी विकाची पाळी आली तं खालची नवीच्या नवी राहीन.”

झालं. मी कंपनीच्या मॅटवर जाऊन पडले. ती खाली हुकांत घट्ट, मी तिच्यावर मोकळी. माझे काटे तिच्या गुळगुळीत पाठीवर कशाला धरतात? पहिल्याच वळणाला मी थोडी पुढे गेले. विठ्ठलरावांनी टाचेनं मला मागे ओढलं. पुढे ती त्यांची सवयच झाली.

तुम्ही त्यांना हसू नका. त्या घरात सगळंच असं होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्यावर चादर, चादरीवर जुनी चादर. पाहुणे आले की वरची निघायची. ऋतिकनं पाठवलेला मिक्सर खोक्यातच होता आणि वच्छलाबाई पाट्यावर चटणी वाटायच्या. चांगली वस्तू वापरली की संपते, असं त्यांना मनापासून वाटायचं. आयुष्यभर जपून जपून मिळालेलं, ते असंच कसं उधळणार? माया होती ती. त्या मायेचाच मला आज राग येतो.

भावसिंग त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला. तांड्यावर राहायचा, विठ्ठलरावांच्याच वयाचा. गाडी घरी आली त्या दिवशी विठ्ठलरावांनी त्याला चक्कर मारायला बोलावलं. तो चपला काढून आला. गाडीपासून चांगल्या दूर काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. आत बसला आणि पाय वर उचलून धरले.

“ठिव ना बे पाय खाली! मॅट पायासाठीच असते.”

“नवीन हाये भाऊ,” तो लाजून हसला, “राहू द्या. कायले खराब करा.”

रविवारी तोच मला धुवायचा. दगडावर आपटायचा नाही, हातानं चोळायचा. काळी माती माझ्या शिवणीत जाऊन बसायची, ती काडीनं काढायचा. खालच्या मॅटीला कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, “हे तं जशीच्या तशी हाये.” मग मला तिच्यावर नीट अंथरायचा. कुणाच्या हातात माझ्यासाठी एवढी हळुवार बोटं असतील असं मला वाटलं नव्हतं. माझा त्याच्यावर जीव जडला.

त्या साली कापूस माणसाच्या डोक्याच्या वर गेला. लोक आधी खूश झाले. मग बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. गावोगाव तेच. जो भेटेल तो तेच बोलायचा. गाडीतल्या गप्पांतून हसणंच गेलं. फवारणीवर फवारणी सुरू झाली. त्या विषाला इकडे औषधच म्हणतात. झाडं उंच, म्हणून पंपाची नळी वर धरायची आणि मारलेलं सगळं खाली तोंडावर यायचं.

औषधाच्या खोक्यासोबत दुकानातून एक किट मिळाला होता. तोंडाचा मास्क, डोळ्यांचा चष्मा, हातमोजे, सगळं पॅक. विठ्ठलरावांनी तो भावसिंगपुढे धरला. भावसिंगनं उलटापालटा करून पाहिला.

“चांगला हाये भाऊ. पण घामानं खराब होईन. आज राहू द्या, मी दुपट्टा बांधतो.”

“बरं, गाडीत ठिवतो. लागला तं सांग.”

किट डिक्कीत गेला. मी पुढे, तो मागे. त्या पॅकिंगचं प्लास्टिक प्रत्येक खड्ड्याला चुरचुरायचं, ते मला ऐकू यायचं.

मग तो दिवस. भर दुपार, गाडी वावराच्या धुऱ्याला, बांधाला उभी, उन्हाची तिरीप माझ्यावर पडलेली; भावसिंग सकाळपासून फवारत होता. समीक्षा धावत आली, मागून तुळसाबाई, भावसिंगची बायको, त्याला धरून आणत होती. तो घामानं न्हालेला, तोंडातून फेस. गावच्या डॉक्टरांनी वावरातच येऊन बघितलं होतं आणि एकच सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या.

गाडीचं दार उघडं होतं. आणि तो माणूस, ज्याला उभं राहता येत नव्हतं, तो थांबला. वाकला. चपला काढायला लागला.

“राहू दे रे चपला!” विठ्ठलराव ओरडले. “बस आंधी!”

तरी त्यानं काढल्याच. एकीच्या शेजारी एक. त्या तिथेच धुऱ्यावर राहिल्या आणि गाडी निघाली.

विठ्ठलरावांचे पाय अनवाणी, वावरातल्या ओल्या मातीनं बरबटलेले. मागे भावसिंगचं डोकं तुळसाबाईच्या मांडीवर, समीक्षा त्याचे पाय धरून. पांढरकवड्यापर्यंत तो कण्हत होता. नंतर त्यानं विचारलं,

“भाऊ, अंधार काहून पडून राह्यला?”

बाहेर लख्ख ऊन होतं. विठ्ठलरावांनी पाय दाबला.

आणि मी सरकले. चिखलानं ओली टाच मला पुढे रेटत होती आणि त्यांना मला मागे ओढायची सवय त्या घाईत आठवत नव्हती. मी खालचीला सांगत होते, धर मला, बाई, धर! ती हुकांत सुखानं पडलेली. माझी कड वर वळली. ती ब्रेकच्या मागे जाऊन अडकली. मी काय करू? मला हात नाहीत. मला ओरडता येत नाही. मी नुसती होते, नको तिथे होते.

जंगलातल्या वळणावर समोर गुरं आली. विठ्ठलरावांनी ब्रेक दाबला आणि ब्रेक खाली जाईना. मी मध्ये होते. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि काळ्या चिखलात रुतून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी हलेना.

त्यांनी खाली बघितलं. पहिल्यांदा. मला उपटून बाहेर काढलं, क्षणभर नुसतं हातात धरलं, मग चाकाखाली टाकलं. “चढ माय, चढ,” असं ते कुणाला म्हणत होते, गाडीला की मला, मला कळलं नाही. चाक माझ्यावर फिरलं. मी सगळे काटे त्या चिखलात रोवले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी खरं काम दिलं होतं. चाकानं मला चिरडलं, फाडलं आणि मागे भिरकावलं. त्यांनी पुन्हा ठेवलं, चाकानं पुन्हा भिरकावलं. आतून भावसिंगचा आवाज येत होता, मग तोही थांबला. विठ्ठलराव रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर हात जोडत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी भाजीची एक पिकअप थांबली. भावसिंगला तिच्यात घातलं, तुळसाबाई आणि विठ्ठलराव चढले, गाडी गेली.

समीक्षा मागे राहिली. गाडी ओढायला दोर मिळतो का म्हणून तिनं डिक्की उघडली. दोर नव्हता. किट होता, न फोडलेला. ती तो घेऊन चिखलात माझ्या शेजारी बसली आणि जे रडली, ते मला अजून ऐकू येतं.

भावसिंग यवतमाळला पोचला. पण घरी आला नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ते ‘थोडं’ म्हणजे मी होते का? चिखलात गेलेला तो वेळ होता का? की तो दुपट्टा? हे मी कुणाला विचारू?

विठ्ठलरावांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. हिवाळ्यात विकली. घेणाऱ्यानं दार उघडून खाली पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “वा! मॅट तं एकदम नवीच हाये!” विठ्ठलराव तिथेच मातीत बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

मला समीक्षानं त्या चिखलातून उचलून आणलं होतं; विकताना गाडीत जाऊ दिलं नाही. फाटकी, वाकडी, मी आता वावरातल्या गोठ्याच्या दारात पडून असते. तुळसाबाई निंदणाला येते, तिला दुसरीकडे काम नाही. ती अजूनही माझ्याजवळ आली की चपला काढते आणि मला ओलांडून जाते. पाय ठेवत नाही. ती कोणत्या मॅटीला ओलांडते हे तिला ठाऊक असेल, म्हणूनही असेल.

यंदा पुन्हा फवारणी आली. भावसिंगचा धाकटा भाऊ उत्तमसिंग पंप घेऊन उभा राहिला. विठ्ठलरावांनी घरातून तोच किट आणला.

उत्तमसिंगनं तो उलटापालटा करून पाहिला आणि लाजून हसला. अगदी तसाच.

“नवीन हाये भाऊ. राहू द्या, कायले खराब करा.”

मी तडफडले. फोडा ते! कुणीतरी फोडा! तुमचं ते नवेपण जळो, माणसं जुनी होऊ द्या, म्हातारी होऊ द्या! पण मॅटीचं कोण ऐकतं?

तुळसाबाई वाफ्यातून उठून आली. तिनं दिराच्या हातातला किट ओढून घेतला. प्लास्टिक नखांनी फाटेना, तेव्हा दातांनी फाडलं. मास्क त्याच्या तोंडावर बांधला, चष्मा चढवला, हातमोजे एकेक बोट करून घातले. भावसिंग माझ्या शिवणीतली माती काढायचा, तसे. तो गेला. कपाशीत दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

मग मागे वळली, गोठ्यापाशी आली. ती दारातच बसली, माझ्यावर. चिखलाच्या पायांनी, चपला न काढता.

बस, बाई. मी खराब व्हायलाच आहे.